गंजीपुढच्या दोघी

मार्गशीर्ष लागला की माझ्या मनगटांना खाज सुटते. अकोल्यात तिसऱ्या मजल्यावर राहते मी, घरात कापूस म्हणाल तर देवापुढच्या वातीपुरता; तरी खाज सुटते म्हणजे सुटतेच. डॉक्टरीणबाईंनी एका वर्षी मलम दिलं, दुसऱ्या वर्षी गोळ्या दिल्या, आणि मग एकदा चष्मा काढून विचारलं, "माहेर कुठलं हो तुमचं?" म्हटलं, तेल्हाऱ्याकडचं. "मग लावा खोबरेल आणि गुपचूप बसा," म्हणाल्या. त्यासुद्धा तिकडच्याच निघाल्या.

परवा, मी चित्रकला शिकवते ती शाळा सुटल्यावर तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं जाणं झालं. दोन्ही अंगांच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले होते. भरून चाललेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर बाभळींना घासत जातात, आणि बाभळी आपला वाटा काट्यांनी ओढून घेतात. ऊन तिरपं झालेलं, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत बाया कमरेला ओटे बांधून वाकलेल्या, आणि कुठंतरी कुणीतरी तुरीच्या शेंगा उकडायला घातल्याचा वास. मी गाडी थांबवली, मनगट खाजवलं आणि एकटीच हसले. आला म्हटलं बाप्पा, आपला मोसम आला.

त्या वर्षीही तो असाच आला होता. कुठलं वर्ष ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पेपरात रोज आमच्या जिल्ह्यांची नावं यायची, आणि चांगल्या गोष्टीसाठी यायची नाहीत. कापसाचा भाव असा काही पडला होता की बाबांनी विकायलाच नकार दिला. "पाहू, काहून नाई वाढत ते," म्हणाले आणि कापूस घरात भरायला लागले. आधी सपरी, म्हणजे पुढची पडवी, भरली. मग मधलं घर भरलं, जमिनीपासून पार छपराच्या कवेलूपर्यंत. घरात राहायचं कोणी, आम्ही की कापसानं, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा बाबांनी लगेच निकाल दिला आणि आम्ही स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवरचं घड्याळ कापसाच्या त्या गंजीमागं, ढिगामागं, गाडलं गेलं. टिकटिक ऐकू यायची, पण वाजले किती ते काही दिसायचं नाही.

ज्यांच्या घरात कधी कापूस राहिला नाही, त्यांना त्या घराची शांतता सांगून कळायची नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो. बाबांचं खोकणं, आईची भांडी, मांजरीचं ओरडणं, सगळं आपल्यापर्यंत यायच्या आधीच मऊ होऊन जायचं. गंजीला पाठ टेकली की सरकीचा तो तेलकट, उबदार वास नाकात भरायचा आणि डोळे आपोआप मिटायचे. थंडी अशी नव्हतीच आमच्या घरात. खाज होती. सगळं घर हात, मान, पाय खाजवत हिंडायचं, आणि पाहुणाही चहा संपेपर्यंत आमच्यात सामील व्हायचा.

आणि आईचं राज्य होतं. घरात कापूस म्हणजे घरात विस्तव नाही. चूल अंगणात गेली, समईला रजा मिळाली, बाबांची बिडी बंद होऊन त्या जागी तंबाखू आली. आई उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची काडीपेटी काढून घ्यायची. एकदा तालुक्याहून कुणी साहेब आले होते. त्यांच्याही पुढं तिनं हात केला. साहेब जरा चमकले. आई म्हणाली, "साहेब असान तुमी तुमच्या हापिसात. अठी कापूस हाय." साहेबांनी मुकाट्यानं काडीपेटी तिच्या हातावर ठेवली, वर लायटरही ठेवला.

तेव्हा मी अमरावतीला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होते. संक्रांतीच्या सुमारास आमच्या कॉलेजचं मोठं प्रदर्शन व्हायचं होतं आणि विषय होता 'आजचं वऱ्हाड'. सरांनी विषय फळ्यावर लिहिला आणि अर्ध्या वर्गानं दोर काढायला घेतले. खोटं नाही सांगत. कडुनिंबाला दोर, आढ्याला दोर, भेगाळलेल्या जमिनीवर दोराची सावली. एकानं तर बाजारातून खराखुरा दोर आणून टेबलावर मांडला होता, सफरचंद आणि सुरई मांडतात तसा. त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्यातल्या काहींनी ते घरात पाहिलं होतं. पण भिंतीभर ते दोर बघून माझं डोकं सणकलं. अरे, आमच्याकडं माणसं जगतातही ना? सकाळी उठून चहा करतात, भांडतात, शेंगा सोलतात, एकमेकांच्या डोक्यातला कचरा काढतात. ते कोण काढणार?

मी सरांना म्हटलं, मी घर काढणार. नुसतं घर, दुपारचं.

सर वाईट नव्हते. माझ्या रेषेवर त्यांचा जीव होता. पण ते म्हणाले, "घर ठीक आहे वंदना, पण त्यात विषय कुठे आहे?"

मी तणतणत ग्रंथालयात गेले. तिथं एक जाडजूड पुस्तक होतं, पाठ निघालेलं, रंगीत चित्रांचं. त्यात दूरदेशच्या, जुन्या काळातल्या घरांची चित्रं होती. कुणी बाई खिडकीशी बसून सुई ओवते आहे, कुणी भाजी निवडते आहे, कुणाच्या मांडीवर मूल झोपलं आहे. चित्रात काही म्हणून घडत नाही. राजा नाही, लढाई नाही, देव नाही. आणि तरी मी त्या पानांपुढं तासन्‌तास बसायची. खिडकीतून आत येणारा तो उजेड इतक्या प्रेमानं त्या बाईच्या हातावर पडलेला असायचा की वाटायचं, हिचं भाजी निवडणं ही जगातली केवढी मोठी गोष्ट आहे! मला तेच करायचं होतं. प्रदर्शनाच्या भिंतीवर, त्या सगळ्या दोरांच्या मधोमध, मला आमचं जितंजागतं घर टांगायचं होतं. बस, एवढाच हट्ट.

कॅनव्हास बगलेत मारून मी गावी आले आणि पहिल्याच दुपारी चित्र माझ्यापुढं येऊन बसलं. सपरीच्या दारात कापसाच्या गंजीला पाठ टेकून आई बसली होती, आणि तिच्या बाजूला शोभाकाकू. दोघींच्या मधे सूप, सुपात तुरीचे हिरवेगार सोले, म्हणजे शेंगांतले ताजे दाणे, अंगणातलं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलेलं. आणि मागच्या गंजीवरून उलटलेला तो पांढरा उजेड दोघींच्या हनुवटीखाली, गळ्यावर, कानांच्या पाळ्यांवर. त्या उजेडाला सावली नव्हती. मी चपलाही न काढता उभी राहिले.

शोभाकाकू आमच्या मागच्या आळीतली. तिच्या नवऱ्यानं, आमच्या वसंताकाकानं, आदल्या वर्षी तेच केलं होतं जे पेपरात रोज यायचं. त्याबद्दल मी इथं एवढंच लिहिणार आहे. तेव्हापासून आई तिला रोज दुपारी घरी बोलवायची, काही ना काही काम काढून. सोलायच्या शेंगा संपल्या तर निवडायचे तांदूळ निघायचे. पहिले काही महिने काकू टिकली लावायची नाही. मग एके दिवशी आईनं आपल्या पाकिटातली एक काढली आणि तिच्या कपाळावर दाबली. "कपाय तुहं हाय का त्याहचं?" बस, एवढंच म्हणाली. त्यानंतर काकू टिकली लावायची.

चित्राचं ऐकून आई भडकली. "बसलेली काढतं का मले? लोकं म्हनतीन, हे बाई काम ना धाम, नुसती बसून रायते!" मग तिच्या अटी सुरू झाल्या. गंजी दिसायला नको, घर पसाऱ्याचं वाटतं. स्टीलच्या डब्यांची मांडणी दिसायला पाहिजे. लुगडं ते नको, लग्नातलं निळं. तेवढ्यात बाबा आतून फवारणीचा नवा पंप घेऊन आले आणि म्हणाले, कोपऱ्यात हा बसतो का पाहा. मी कपाळाला हात लावला. शेवटी आई बसली, पण हातातलं काम सोडणार नाही या अटीवर. मला तरी दुसरं काय हवं होतं?

शोभाकाकू शेंगा सोलत राहिली. मी कोळशानं पहिल्या रेषा मारल्या तेव्हा हळूच म्हणाली, "वंदे, माहे रडतानाचे लय फोटो निंघाले वं. एक हासतानाचं काढशीन का?"

मला ते फोटो माहीत होते. वसंताकाका गेल्यावर गाड्या आल्या होत्या, एकामागून एक. फोटोवाले तिला सांगायचे, ताई, त्यांचा फोटो हातात धरा. ताई, दाराशी बसा. ताई, जरा थांबा, डोळे पुसू नका. पेपरात तिचा चेहरा आला, तिच्या बहिणींनी पाहिला, तिच्या पोरीच्या शाळेतल्यांनी पाहिला. तिचा तेवढाच एक चेहरा जगाला ठाऊक झाला होता. मी म्हटलं, काढते काकू. काढणारच.

म्हटलं खरं, पण हसू म्हटल्यावर येतं का? मी ब्रश उचलला की तिचे ओठ ताणले जायचे, क्षणभर तसे राहायचे आणि मग डोळे भरायचे. आई तिला माहेरच्या फजित्या सांगायची. बाबांनी सासऱ्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, नक्कल करून दाखवली. त्यावर आई तीन दिवस बाबांशी बोलली नाही, पण काकू काही हसली नाही. "राहू दे पोरी," ती म्हणायची, "नाई जमत मले." मी म्हणायची, घाई कुठं आहे? आणि घाई तर होती. कापूस घरात होता तोवरच तो उजेड होता. भाव उघडला की गंजी जाणार, गंजी गेली की तो उजेड जाणार, आणि मग काकूचा चेहरा मी कुठल्या उजेडात रंगवू? बाबा रोज सकाळी भावासाठी रेडिओला कान लावायचे. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आज नको, आज नको.

मधल्या दिवसांत मी बाकी सगळं रंगवून घेतलं. आता माझ्या वर्गातली पोरं कापूस काढताना कागद कोराच सोडतात. म्हणतात, मॅडम, पांढरा तर आहेच! मी त्यांना खिडकीशी नेते, हातावर पुंजका ठेवते आणि म्हणते, बघा नीट. कापूस कुठं पांढरा असतो? उन्हात तो पिवळसर असतो, सावलीत निळा, खालच्या थरात मातकट, पानाचा चुरा अडकला असेल तिथं विटकरी, कवडी, म्हणजे किडकं बोंड, असेल तिथं तर चक्क चहाच्या रंगाचा. हे मी त्या गंजीपुढं शिकले. पांढऱ्या रंगाच्या नळ्या भराभर संपत होत्या. शेवटची नळी मी दगडावर ठेवून लाटण्यानं लाटत होते, तेव्हा आईनं दिवाळीचा उरलेला चुना आणून दिला. "घे ना, भितीले चालते तं तुह्या कपड्याले काहून नाई चालत?" मी हसून हसून बेजार झाले. पण सांगते, गंजीच्या अगदी वरच्या कडेला, कवेलूच्या अंधाराशी, तो चुना थोडा लागलेला आहे.

चित्र पुरं होत आलं. आई झाली, सूप झालं, सोले झाले, उंबरा झाला, उंबऱ्यावर झोपलेली मांजर झाली. शोभाकाकूचे हात झाले, खांदे झाले, कानातली फुलं झाली. मधे चेहऱ्याच्या जागी नुसता कॅनव्हास. आई येता-जाता तिकडं बघायची नाही.

आणि भाव उघडला. चांगला उघडला. बाबा अंगणातून ओरडतच आत आले, "म्हनलं होतं ना मी! म्हनलं होतं ना!" वर्षभराचं ओझं त्यांच्या खांद्यावरून उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. आईनं तुळशीपुढं साखर ठेवली. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच वेळी मी ब्रश शोधायला लागले. बाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चित्रातल्या त्या कोऱ्या जागेकडं. "गाडी उद्याच येते," हळूच म्हणाले. "पोरी, आता रोकता नाई येत."

दुसऱ्या दिवशी मेटॅडोर दाराशी लागला, हमाल उतरले, आणि बाबांना भन्नाट कल्पना सुचली. त्यांनी हमालांना मागच्या दाराकडं नेलं. "मांगून काढा. समोरून बोट लावू नका. समोर पोरीचं काम चालू हाय." हमाल एकमेकांकडं बघायला लागले. कापूस आजवर कुणी असा काढला नसेल. पण बाबांचा चेहरा बघून त्यांनी बोरे-पोती उचलली आणि मागून कापूस खणायला सुरुवात केली. पुढं आई आणि शोभाकाकू आपल्या जागी बसल्या, सूप मधे, शेंगा हातात. मी ब्रश घेतला. काकूनं ओठ ताणले. मागून हमालांचे दबके आवाज येत होते. गंजी आतून पोकळ होत चालली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कापूस पडतो तेव्हा आवाज होत नाही. मी खाली पॅलेटकडं पाहिलं, वर पाहिलं, तर समोर आई नव्हती, काकू नव्हती, सूप नव्हतं, मांजर तीरासारखी अंगणात पळाली होती. दारात नुसता कापूस. सगळी गंजी पुढं येऊन शांतपणे बसली होती. मागून बाबा धावत आले. "अवं! अवं, कुठी हाय तू?" त्यांचा आवाजही कापसानं अर्धा पिऊन टाकला.

आधी आईचा हात वर आला. त्यात तुरीची शेंग तशीच होती. मग तिचं डोकं. टिकली कुठल्या कुठं गेलेली, आणि चेहऱ्यावर असा संताप की हमाल दोन पावलं मागं सरले. पहिलं वाक्य ती काय बोलली असेल? "माहे सोले सांडले!" आणि ती लगेच खाली वाकून कापसात सोले शोधायला लागली. तेवढ्यात बाजूनं शोभाकाकू निघाली. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. आईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "शोभे, तू तं एका मिंटात म्हातारी झाली वं!"

काकूनं आईकडं पाहिलं. आईच्या वरच्या ओठावर कापसाची एक जाडजूड पट्टी चिकटली होती. "अन तुमाले मिशा फुटल्या वं वयनी," काकू म्हणाली, आणि हसली.

काय हसली म्हणून सांगू! आधी नाकातून फुर्रकन, मग खांदे हलले, मग मान मागं टाकून, पोट धरून, मोठ्यानं, खणखणीत. तिचा वरचा एक दात जरा तिरका आहे हे मला तेव्हा कळलं. मी तिला लहानपणापासून पाहत होते, पण दात कधी नीट दिसला नव्हता. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते पदरानं खसाखसा पुसलं. मग पुन्हा हसली. बाबा हसायला लागले, हमाल हसायला लागले. फक्त आई हसत नव्हती. ती मान खाली घालून गंभीरपणे सोले गोळा करत होती.

"कोणी हलू नका!" मी ओरडले. इतक्या जोरात की ड्रायव्हरसुद्धा हॉर्नवरचा हात काढून थांबला. आणि मी रंगवायला लागले. पडलेली गंजी पडलेलीच ठेवली; आधीची झालेली आई कापडानं पुसून काढली आणि खाली वाकलेली आई घातली, केसांतल्या कापसासकट. ब्रश आपोआप, सरळ चालला होता. असं आयुष्यात क्वचित होतं. काकू पुन्हा पुन्हा आईकडं बघायची आणि पुन्हा पुन्हा फुटायची, तिला सांगावंच लागलं नाही. बाबांनी हमालांना अंगणात बसवून सोल्याची भाजी आणि भाकर वाढली. ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा त्यालाही वाढली. जेवणं उरकेपर्यंत माझा तो तिरका दात झाला होता. मी ब्रश खाली ठेवला. जिंकल्यासारखं वाटत होतं. जिंकल्यासारखं कशाला, जिंकलेच होते मी.

दिवस मावळायच्या आत घर रिकामं झालं. भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागलं, आणि आम्ही बोललो की भिंती उलट बोलायच्या. आई म्हणाली, घर मोठं मोठं वाटून राहिलं. तिनं चूल आत घेतली.

ओलं चित्र घेऊन एसटीनं अमरावतीला जाणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. बाबांनी पोत्याला काठ्या लावून त्याचं खोकं केलं होतं. तरी रंगात कापसाचे काही तंतू चिकटलेच. ते अजून आहेत, काकूच्या केसांत. सरांनी चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हं," म्हणाले. मग स्वतःच्या हातांनी ते दालनाच्या मधल्या भिंतीवर लावलं, डावीकडं दोर, उजवीकडं दोर. पहिलं बक्षीस दोरालाच मिळालं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण दुपारपासून माझ्या चित्रापुढची गर्दी हलेना. वेचणीला जाणाऱ्या बाया आल्या होत्या, कुणा विद्यार्थ्याच्या नात्यातल्या. त्यातल्या एकीनं कवडीवर बोट ठेवून वेचणी ओळखली, "हा वेचा दुसरा हाय." दुसरीनं मनगट खाजवलं. सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. दालनभर हिंडून सुन्न होऊन आलेली माणसं त्या एका जागी येऊन श्वास सोडायची.

आई, बाबा आणि शोभाकाकू संध्याकाळी आले. आई लग्नातलं निळं नेसून आली होती आणि चित्रापुढं उभी राहून पहिलं काय म्हणाली, तर "डबे नाईच काढले शेवटी." काकूनं मात्र पदर नीट केला आणि चित्राच्या बाजूला जाऊन उभी राहिली, पोरीच्या लग्नात आई उभी राहते तशी.

पाहुण्यांबरोबर मोठ्या शहरातून एक बाई आल्या होत्या. साधी पण भारी साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, बोलणं मायेचं. सरांनी त्यांना सांगितलं की चित्रातल्या बाया याच. त्यांना मनापासून भरून आलं. त्या जवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मला सरांनी सांगितलं... तुमच्यापैकी एकींच्या घरी... त्या कोणत्या?"

आईनं शोभाकाकूकडं पाहिलं. काकूनं आईकडं पाहिलं.

"तुमीच ओयखा," काकू म्हणाली.

बाई चित्रापाशी गेल्या. चष्मा लावला. बराच वेळ दोन्ही चेहरे निरखले. मग कापसात मान घालून सोले शोधणाऱ्या, टिकली हरवलेल्या, गंभीर बाईवर त्यांनी अलगद बोट ठेवलं. "या," म्हणाल्या. "यांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे सगळं."

त्याच वेळी बाबा मागून संत्रं सोलत आले आणि म्हणाले, "घे वं, गोड हाय."

आईनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "हे आमचे मालक," ती बाईंना म्हणाली. "चांगले धडधाकट हायेत."

बाईंचं बोट चित्रावर तसंच राहिलं. त्यांनी वळून शोभाकाकूकडं पाहिलं, मग चित्रातल्या त्या मागं टाकलेल्या मानेकडं, त्या तिरक्या दाताकडं, आणि पुन्हा काकूकडं. "म्हणजे... तुम्ही?" त्या म्हणाल्या. "पण या तर हसतायत."

"हाव," शोभाकाकू म्हणाली. दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ते हासून राहिली ना, तेच मी."